परसातील पाणी आणि घरातील वीज

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी एकत्र जमतो, त्यांचा एक आग्रह त्यांच्या सर्व विद्यार्थ्यांना परिचित आहे. वर्गात शिकलेला नियम घरी जाऊन आपल्या अंगणात पडताळून पाहावा, आणि तो तेथे उपयोगी पडत नसेल तर तो आपल्याला नीट समजला नाही असे समजावे. स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेत साहित्य, इतिहास अथवा तत्त्वचिंतन यांवरील लेख असणे स्वाभाविक होय. विहिरीची मोटार, हौदातील पंप आणि कूलरची टाकी हे विषय अशा ठिकाणी कोणास थोडे खालच्या पातळीवरचे वाटतील. परंतु गुरुजींचा तो आग्रह स्मरून, आणि या विषयाच्या अज्ञानामुळे दर उन्हाळ्यात व दर पावसाळ्यात घराघरांत होणारी हानी ध्यानात घेऊन, मी हा विषय जाणीवपूर्वक निवडला आहे.

मोटेपासून मोटारीपर्यंत

पांढुर्णा आणि सौंसर हा आपला भाग भाषेने मराठी आणि राज्याने मध्य प्रदेशी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा शेजारचा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. पुढे २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून हे दोन्ही तालुके वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. सीमा बदलल्या, पण येथील जीवनाचा आधार पूर्वी होता तोच आहे. काळी जमीन, तिच्याखालचा मुरूम आणि बसाल्ट खडक, खोल विहिरी आणि त्यांच्या पाण्यावर उभे असलेले संत्र्याचे बगीचे हाच तो आधार.

हे पाणी वर काढण्याचे काम पूर्वी बैलांच्या खांद्यावर होते. मोटेमागून डिझेलवर चालणारे इंजिन आले आणि इंजिनामागून विजेची मोटार. ग्रामीण विद्युतीकरणाच्या कामास १९६९ साली स्थापन झालेल्या ग्रामीण विद्युतीकरण निगमामुळे देशभर गती मिळाली, आणि वावरात खांब दिसू लागले. खांबावरची वीज वावरातून वस्तीत व वस्तीतून परसात आली. आज घरामागच्या सांदवाडीतही एखादी लहान विहीर अथवा कूपनलिका, तिच्यात पाणबुडी मोटार, शेजारी सिमेंटचा हौद आणि हौदातील पाणी झाडांना किंवा छतावरील टाकीला पोहोचविणारा अर्ध्या अश्वशक्तीचा पंप असा सरंजाम असतो. कोणी हौसेने लहानसे कमळकुंड बांधतो आणि त्यात कारंजाचा छोटा पंप सोडतो. चैत्र-वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की प्रत्येक खिडकीशी कूलर येऊन बसतो, आणि त्याच्या टाकीतही एक पंप बुडालेला असतो.

या सर्व वस्तूंचे रूप वेगवेगळे असले तरी शास्त्राच्या दृष्टीने त्या एकच आहेत. पाण्यात बुडालेले अथवा पाण्याने भिजणारे विजेचे यंत्र आणि त्याच्या शेजारी ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला माणूस, अशी ती स्थिती होय. मोट चालवताना फार तर दोर तुटे. येथे तुटते ती गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच ती समजून घेणे आवश्यक आहे.

वीज माणसाच्या अंगातून का जाते?

वीज नेहमी फेऱ्यात फिरते. जेथून निघाली तेथे परत पोहोचण्याचा मार्ग असेल तरच ती वाहते. आपल्या घरी येणाऱ्या दोन तारांपैकी एक फेज आणि दुसरी न्यूट्रल. ज्याला आपण बोलीत डीपी म्हणतो, त्या रोहित्रापाशी न्यूट्रल तार मुद्दाम जमिनीत गाडलेली असते. याचा परिणाम असा की, आपल्या पायाखालची जमीन हीदेखील विजेला परत जाण्याची एक वाट ठरते. फेजला स्पर्श झालेला माणूस दुसऱ्या तारेला हात लावो वा न लावो, त्याचे ओले पाय फेरा पूर्ण करण्यास पुरेसे असतात. पाखरे तारेवर निर्धास्त बसतात, कारण त्यांना दुसरी वाट नसते. आपल्याला ती असते.

आता किती वीज वाहील हे जर्मन शास्त्रज्ञ ओम याने १८२७ साली मांडलेल्या नियमावरून काढता येते. दाबाला अवरोधाने भागले असता प्रवाह मिळतो. घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट. कोरड्या कातडीचा अवरोध बराच मोठा, कित्येक हजार ओम असतो. तेच शरीर भिजलेले, हात पाण्यात आणि पाय चिखलात असले, म्हणजे तो सुमारे हजार ओमपर्यंत उतरतो. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर, अर्थात २३० मिलिअँपिअर. साठ वॅटचा जुना दिवा साधारण याहून किंचित अधिक प्रवाह घेतो. म्हणजे एक दिवा पेटावा एवढी वीज माणसाच्या छातीतून जाते.

शरीरावर तिचा काय परिणाम होतो, याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास केला. सुमारे एक मिलिअँपिअर प्रवाह केवळ मुंग्यांसारखा जाणवतो. दहाच्या आसपास हाताचे स्नायू असे आखडतात की पकडलेली वस्तू सोडता येत नाही. आपण म्हणतो, ‘विजेने धरून ठेवले’. वास्तविक वीज धरीत नाही, आपलीच मूठ उघडत नाही. तीसच्या पुढे श्वासाचे स्नायू अडखळू लागतात, आणि त्याहून अधिक प्रवाह काही क्षण छातीतून गेल्यास हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन ते नुसते थरथरू लागते. आपला २३०चा आकडा या सर्व पायऱ्यांच्या फार पलीकडचा आहे.

जनावरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. सदोष पंपाभोवतीच्या ओल्या जमिनीत वीज पसरते, तेव्हा जमिनीच्या दोन बिंदूंमध्येही दाबाचा फरक पडतो. माणसाची दोन पावले जवळ असतात, पण गाईचे पुढचे व मागचे पाय दीड-दोन मीटर अंतरावर असतात. त्यामुळे जेथे माणसाला केवळ झिणझिण्या येतात तेथे गाय कोसळते. माझ्या बालपणी आमच्या आळीत हौदावर पाणी पिण्यास आलेली एक दुभती गाय अशीच उभ्या उभ्या गेली. तिला काहीतरी बाधा झाली असे त्या वेळी सर्वांनी ठरविले. मोटारीची तार दुसऱ्या दिवशीही तशीच होती. ज्या भागात पोळ्याला बैलांची पूजा होते, त्या भागाने निदान त्यांच्यासाठी तरी हा नियम शिकून घ्यावा.

फ्यूज कोणाचे रक्षण करतो?

‘आमच्याकडे फ्यूज आहे, आता तर एम.सी.बी. आहे, मग भीती कसली?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. फ्यूज वा एम.सी.बी. यांचे काम तारेचे रक्षण करण्याचे आहे. तारेतून प्रमाणाबाहेर वीज वाहून ती तापू नये व आग लागू नये, एवढ्यासाठी ती योजना आहे. सोळा अँपिअरचा एम.सी.बी. सोळा अँपिअरपर्यंत स्वस्थ असतो. माणसाच्या अंगातून जाणारा पाव अँपिअर त्याच्या दृष्टीने आणखी एक दिवा लागल्यासारखाच होय. माणूस आणि दिवा यांतला भेद त्याला कळत नाही, आणि कळावा अशी त्याची रचनाही नाही.

भूसंपर्क आणि त्याची मर्यादा

मग दुसरे साधन म्हणजे अर्थिंग, अर्थात भूसंपर्क. पंपाच्या लोखंडी अंगाला एक स्वतंत्र हिरवी तार जोडून ती जमिनीत गाडलेल्या नळीपर्यंत नेतात. आतील वेष्टन फाटून फेज पंपाच्या अंगाला लागलीच, तर वीज माणसाच्या वाटेऐवजी या सोप्या वाटेने जमिनीत उतरावी आणि प्रवाह एवढा वाढावा की फ्यूज उडावा, ही अपेक्षा.

अपेक्षा रास्त आहे, पण आपल्या भूमीत ती किती पूर्ण होते हे हिशेब करून पाहू. समजा, आपल्या नळीचा जमिनीशी अवरोध २० ओम आहे आणि डीपीपाशी तो ५ ओम आहे. बिघाड झाल्यास प्रवाह २३० भागिले २५, म्हणजे ९.२ अँपिअर. सोळा अँपिअरचा एम.सी.बी. यावर हलणारही नाही. तो प्रवाह अखंड वाहत राहील, आणि पंपाच्या अंगावर ९.२ गुणिले २०, म्हणजे १८४ व्होल्ट दाब उभा राहील. हा दाब जीवघेणा आहे, आणि येथे अर्थिंग तर व्यवस्थित जोडलेले होते!

उन्हाळ्यात ही स्थिती आणखी बिघडते. आपली काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, पण वैशाखात तिला हातभर भेगा पडतात आणि नळीभोवतीची माती सुटते. खाली मुरूम व खडक असला तर तो मुळातच दुर्वाहक. तोच अवरोध २० वरून ६० ओमवर गेला असे धरा. प्रवाह उतरून सुमारे साडेतीन अँपिअर होईल आणि पंपाच्या अंगावरील दाब २१२ व्होल्टपर्यंत चढेल. आणि ज्या दिवसांत अर्थिंग असे दुबळे होते, नेमक्या त्याच दिवसांत कूलर अहोरात्र चालतो आणि आंबिया बहराच्या फळांसाठी मोटार रात्रंदिवस सुरू असते.

याचा अर्थ अर्थिंग निरुपयोगी आहे असा मुळीच नव्हे. एकट्या अर्थिंगवर विसंबू नये, एवढाच याचा अर्थ आहे. त्याला एका सोबत्याची आवश्यकता असते.

हिशेब ठेवणारा पहारेकरी

तो सोबती म्हणजे गळती-रक्षक स्विच. बाजारात त्याला आर.सी.सी.बी. म्हणतात. जुनी मंडळी ई.एल.सी.बी. या नावाने मागतात. त्याचे तत्त्व एखाद्या प्रामाणिक मुनिमासारखे आहे. फेजमधून जेवढी वीज बाहेर गेली तेवढीच न्यूट्रलमधून परत आली पाहिजे. दोन्ही तारा एका लोखंडी कड्यातून जातात. जाणारी व येणारी वीज समसमान असली तर त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडून काढतात. थोडी जरी वीज वाटेत जमिनीकडे वळली, तरी हिशेब जुळत नाही, कड्यात चुंबकत्व उत्पन्न होते आणि स्विच खाली पडतो. डॅल्झील यांनीच १९६१ साली माणसाच्या रक्षणासाठी असे अतिशय संवेदनशील साधन तयार केले. आधीच्या अभ्यासातून निघालेले मिलिअँपिअरचे आकडे त्यांनी अशा रीतीने कामी आणले.

घरगुती वापरासाठी ३० मिलिअँपिअरचा स्विच घ्यावा. तेवढी गळती होताच तो ०.३ सेकंदाच्या आत, आणि गळती त्याच्या पाचपट असल्यास ०.०४ सेकंदाच्या आत वीज तोडतो. आपल्या हृदयाचा एक ठोका साधारण पाऊण ते एक सेकंदाचा. झटका बसतो, पण ठोका पूर्ण होण्याआधी वीज गेलेली असते. १०० अथवा ३०० मिलिअँपिअरचे स्विचही दुकानात असतात. ते आगीपासून रक्षण करण्यास उपयोगी, माणसासाठी नव्हेत. खरेदी करताना हा आकडा वाचून घ्यावा.

आता मघाचा हिशेब पुन्हा मांडू. अर्थिंगचा अवरोध उन्हाळ्यात ६० ओम झाला आहे. पंपाचे वेष्टन फाटले. गळती ३० मिलिअँपिअर होताच स्विच पडतो. त्या क्षणी पंपाच्या अंगावरील दाब ०.०३ गुणिले ६०, म्हणजे दोन व्होल्टही नाही. जो बिघाड एकट्या अर्थिंगला आवरत नव्हता, तो दोघांनी मिळून माणसाचा हात लागण्यापूर्वीच संपविला. याउलट नुसता स्विच आहे पण अर्थिंग नाही, अशा ठिकाणी गळतीला वाट नसल्याने स्विच थांबून राहतो, आणि पहिली वाट कोणा माणसाच्या शरीरातून मिळते. तो वाचण्याची शक्यता पुष्कळ असते, पण परीक्षा त्याच्या देहावर होते. म्हणून ही जोडी फोडू नये.

कूलर अधिक धोक्याचा का, हेही यावरून उलगडते. सिमेंटचा ओला हौद जमिनीला चिकटलेला असल्याने गळती काही अंशी आधीच जमिनीकडे जाते. प्लॅस्टिकची टाकी मात्र स्टँडवर अधांतरी असते. तिच्यातील पाणी विजेने भारलेले असूनही बाहेर काही चिन्ह दिसत नाही. मूल ओल्या फरशीवर उभे राहून त्यात हात घालते, तेव्हाच फेरा पूर्ण होतो.

या स्विचच्या तीन मर्यादा जाणून असाव्यात. एका हातात फेज व दुसऱ्या हातात न्यूट्रल अशी स्थिती झाली, तर गेलेली वीज पूर्ण परत येते आणि स्विचला काही गैर दिसत नाही. तारेवरील भार वाढला तरी त्याला कळत नाही, म्हणून त्याच्यासोबत एम.सी.बी. हवाच. आणि तो एक यंत्र आहे, तेव्हा जाम होऊ शकतो. त्याच्यावर ‘टी’ अक्षराचे एक बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. स्विच पडला तर ठीक. न पडल्यास त्याच दिवशी बदलावा.

वीज परसापर्यंत कशी न्यावी?

तत्त्व समजल्यावर प्रत्यक्ष मांडणी अवघड राहत नाही. हे काम परवानाधारक विद्युत-कारागिराकडून करून घ्यावे, पण काय करून घ्यायचे हे मालकाला ठाऊक असावे.

पहिली गोष्ट म्हणजे परसासाठी घरातील मुख्य फलकापासूनच स्वतंत्र फेरा काढावा. त्याला स्वतःचा एम.सी.बी. व ३० मिलिअँपिअरचा गळती-रक्षक असावा. त्यायोगे हौदावर बिघाड झाला तरी घर अंधारात जात नाही, आणि काम करताना तेवढाच भाग बंद करता येतो. स्विच फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा असावा, कारण आपल्याकडील जुन्या जोडणीत फेज-न्यूट्रल उलटसुलट झालेले पुष्कळदा आढळतात.

दुसरी गोष्ट तारेची. झाडाला, कपडे वाळत घालण्याच्या तारेला वा कुंपणाला बांधून नेलेली वायर पहिल्या वादळापर्यंतच टिकते. जमिनीखालून न्यावयाची असल्यास लोखंडी कवचाची केबल घ्यावी, सुमारे ७५ सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट खोल चर खणावा, खाली-वर वाळू घालून त्यावर विटांचा थर द्यावा, आणि चर कोठून गेला आहे याची खूण भिंतीवर रंगवून ठेवावी. पुढे आळे खणणाऱ्याची कुदळ तेथे पडू नये, हा हेतू. वाटेत जोड नसावा. अर्ध्या अश्वशक्तीच्या पंपाला साधारण तीन अँपिअर लागतात. अडीच चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार असल्यास पन्नास मीटरवरही दाब दोन-अडीच व्होल्टच घटतो. पातळ तार घेतल्याने वाचलेले पैसे तापलेल्या मोटारीच्या गुंडाळणीत जातात.

तिसरी गोष्ट सॉकेटची. ते पाण्याच्या काठापासून निदान दोन मीटर दूर, कंबरेच्या वर, पावसाला दाद न देणाऱ्या झाकणाच्या पेटीत बसवावे. पेटीवर आय.पी. ६५ असा शिक्का पाहून घ्यावा. तार पेटीत वरून न आणता खालून आणावी, आणि आत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा. तारेवरून ओघळणारे पाणी त्या झोळाच्या तळाशी टपकून जाते, पेटीत शिरत नाही. या उपायास एका पैशाचाही खर्च नाही.

चौथी गोष्ट पंपाची. त्याच्यासोबत आलेली तार कापून लांब करू नये. चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पाण्यात राहिला की तो आज ना उद्या पाणी ओढतो. प्लगला तीन पाय असतात, त्यांतील जाड व लांब पाय अर्थिंगचा होय. तो लांब ठेवला आहे, कारण लावताना भूसंपर्क प्रथम जुळावा आणि काढताना शेवटी सुटावा. दोन भोकांच्या सॉकेटात बसावा म्हणून तो पाय कापणे, अथवा तारांची उघडी टोके आगकाड्यांनी सॉकेटात खोचणे, म्हणजे पहारेकऱ्याला स्वतःच्या हाताने घालवून देणे होय.

याहून घातक अशी एक युक्ती काही ठिकाणी दिसते. अर्थिंग नसल्याने सॉकेटातच अर्थिंगचे टोक न्यूट्रलला जोडून देतात. दिसायला सर्व ठीक चालते. पण ज्या दिवशी खांबावर अथवा वाटेत न्यूट्रल तुटते, त्या दिवशी पंपाचे सर्व लोखंड मोटारीच्या गुंडाळणीमार्गे फेजला जोडले जाते, आणि कोणताही बिघाड झालेला नसताना हौद मृत्यूचे ठिकाण बनतो. जुन्या लोखंडी नळाला अर्थिंग जोडून निश्चिंत झालेल्यांनीही पुन्हा पाहावे. मधला नळ प्लॅस्टिकचा झाला असेल, तर ते अर्थिंग आता कोठेच पोहोचत नाही.

अर्थिंगसाठी अडीच-तीन मीटर लांबीची जस्तलेपित नळी, सावलीच्या व ओलाव्याच्या जागी, कोळसा व मीठ यांच्या थरांत उभी पुरावी आणि माथ्याशी पाणी घालण्यास जागा ठेवावी. तेथे उन्हाळाभर आठवड्यातून दोन बादल्या पाणी घालावे. तुळशीला पाणी घालणाऱ्या हातांना ही सवय जड जाऊ नये. अवरोधाची मोजणी करावयाची ती मे महिन्यात, कारण पावसाळ्यातील आकडा सर्वांनाच खूष करतो.

आणि ज्यांना केवळ कमळकुंडातील लहान कारंजे चालवायचे आहे, त्यांनी २३० व्होल्ट पाण्यापर्यंत नेऊच नयेत. बारा व्होल्टवर चालणारे पंप मिळतात. त्यांचे रोहित्र घरात वा कोरड्या जागी ठेवावे, आणि ते दोन्ही बाजूंच्या तारा पूर्णतः विलग ठेवणाऱ्या जातीचे असावे. हजार ओमच्या देहातून बारा व्होल्ट फार तर बारा मिलिअँपिअर ढकलू शकतात. ओल्या शरीराला तेही जाणवतील, तेव्हा चालू पंपाला हात लावू नये हा नियम येथेही पाळावा. पण २३०च्या तुलनेत हा धोका विसाव्या हिश्श्याचा आहे. सौर पट्टीवर थेट चालणारे लहान पंपही याच वर्गात येतात.

वापराची शिस्त

उत्तम मांडणीलाही शिस्तीची जोड लागते. पंपाला अथवा कूलरच्या पाण्याला हात लावण्यापूर्वी बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसून बाहेर काढावा. पंप वर ओढावयाचा तो दोरीने, तारेने कधीही नव्हे. ‘वीज गेलेली आहे’ या भरवशावर हात घालू नये. वीज परतण्याची वेळ कोणी सांगितलेली नसते, स्टार्टरला ‘ऑटो’ लावलेला असेल तर मोटार आपोआप सुरू होते, आणि घरात इन्व्हर्टर असल्यास काही सॉकेटे वीज गेल्यावरही जिवंतच राहतात. पायात रबरी चप्पल असावी, हात कोरडे असावेत, आणि मुलांच्या हाती कूलरमध्ये पाणी भरण्याचे काम देऊ नये.

आकडा टाकून घेतलेल्या विजेविषयी कायदा जे म्हणतो ते म्हणतोच. २००३ च्या विद्युत अधिनियमात ती चोरी आहे. परंतु शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तरी आकड्याला ना एम.सी.बी. असतो, ना गळती-रक्षक, ना अर्थिंग. तसेच रानडुकरांपासून बगीचा राखण्यासाठी कुंपणात सोडलेली वीज. ती डुकराला ओळखत नाही आणि पहाटे पाणी द्यायला निघालेल्या शेजाऱ्यालाही ओळखत नाही. तो गुन्हा आहे, आणि त्यातून गेलेला जीव कोणत्याही बहराने भरून निघत नाही.

दुर्दैवाने प्रसंग ओढवलाच, तर चिकटलेल्या माणसाला हाताने ओढण्यास कधीही धावू नये. एकामागून दुसरा जातो तो असाच. प्रथम मुख्य स्विच पाडावा. ते शक्य नसल्यास कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर करावे. श्वास व हालचाल नसल्यास छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, निदान पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहावे आणि कोणास तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावण्यास सांगावे. अंगाला माती लावून ठेवणे वा वाळूत पुरणे यांत अमूल्य मिनिटे वाया जातात. तुटलेली तार रस्त्यावर पडलेली दिसल्यास दूर उभे राहून इतरांना अडवावे आणि १९१२ वर वितरण कंपनीस कळवावे.

तीन भाषांच्या मधली जागा

शेवटी एक विचार मांडून हा लेख पुरा करतो. आपल्या घरातील बोलणे मराठीत, विजेचे देयक हिंदीत आणि पंपाच्या खोक्यातील सूचनापत्रक बहुधा इंग्रजीत. घरातील ज्या व्यक्तीचा हात दिवसातून दहा वेळा त्या पाण्यात जातो, तिच्यापर्यंत यांतले काहीच पोहोचत नाही. आपल्या आया-बहिणींना आणि बगीच्यातील सालदाराला धोका समजला नाही, याचे कारण त्यांची बुद्धी उणी होती हे नव्हे. त्यांच्या भाषेत तो कोणी सांगितला नाही, हे आहे. तीन भाषांच्या मधल्या रिकाम्या जागेत अर्थिंगची हिरवी तार सुटून राहिली आहे.

ही जागा भरून काढणे शाळेला सहज शक्य आहे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी दर होळीनंतर, कूलर बाहेर निघण्याच्या सुमारास, आपापल्या घरी चार गोष्टी पाहाव्यात. गळती-रक्षक आहे काय, ‘टी’ बटण दाबल्यावर तो पडतो काय, प्लगला तिसरा पाय आहे काय, आणि तारेला पाण्याजवळ जोड आहे काय? मुलांनी केवळ पाहून लिहावे, कशालाही उघडून हात लावू नये. बटण वडीलधाऱ्यांनी दाबावे. ती चार उत्तरे वहीत लिहून आणावीत आणि गुरुजनांनी ती तपासावीत. येथून शिकून गेलेले आपले अनेक माजी विद्यार्थी आज नागपूर, भोपाळ, पुणे अशा ठिकाणी अभियंते आहेत. सुट्टीत गावी आल्यावर त्यांनी आपल्या आळीतील दहा घरे तपासून दिली, तर स्मृतिव्याख्यानास ती मोठी दक्षिणा होईल.

गुरुजींनी शिकविलेला ओमचा नियम एका ओळीचा आहे. परीक्षेत त्याला दोन गुण असत. हौदाच्या काठावर मात्र त्याला उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण अशा दोनच श्रेणी आहेत, आणि पुरवणी परीक्षा नाही. आज घरी परतल्यावर प्रत्येकाने एकदा आपल्या मुख्य फलकासमोर उभे राहावे आणि ते लहानसे बटण आहे की नाही हे पाहावे, एवढीच नम्र विनंती.